उघड्या हातावर

अगं ऐक, आधी फक्त ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं डोकं पुन्हा फिरेल आणि नीट सांगता येणार नाही.

पनवेलचं मच्छी मार्केट. सकाळची गर्दी. आणि रोशनी पहिल्यांदा आईच्या ओट्यावर बसलेली. आईचे गुडघे गेले, ती आता घरीच, म्हणून ओटा रोशनीचा. बरं, रोशनीला कोळंबीची अ‍ॅलर्जी. कोळंबी, खेकडा, जवळा, काहीच नाही चालत. नुसता हात लागला तरी अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. बारावी झाल्यापासून घरचे मागे लागलेले, कॉम्प्युटर कर, एसीत बस. ती म्हणाली, मला मासळीच विकायचीय. डॉक्टरला विचारून आली. पापलेट, सुरमई, बांगडा चालतात. मग तेवढंच ठेवीन, हातात ग्लोव्हज घालीन. विषय संपला.

शेजारचा ओटा भामाकाकीचा. सख्खी काकी. तिने रोशनीचे ग्लोव्हज बघितले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली, "काय गं, बांगड्याचा आपरेशन हाय का आज?"

सगळ्या बायका हसल्या. रोशनीपण हसली. पहिला दिवस ना.

"हस तू. बिनकोलंबीचा ओटा म्हंजे बिनदेवाचा देव्हारा. कोलनीच्या पोरीला म्हणं म्हावऱ्याची अ‍ॅलर्जी! नाटका नुसती."

आता त्या रांगेत एक रीत आहे. नवीन पोरगी बसली की रांगेतली जुनी बाई आपल्या पाटीतली मासळी तिच्या उघड्या हातावर ठेवते. पोरीने ती कपाळाला लावायची, मग ओट्यावर ठेवायची. तोवर ती रांगेतली नाही. सरळ हिशेब. आणि रांगेत जुनी कोण? भामाकाकी.

काकीने पाटीत हात घातला आणि मूठभर कोळंबी काढली.

"काकी, बांगडा दे ना," रोशनी म्हणाली. "कोलंबी नको. तुला म्हाईत हाय."

"माझ्या पाटीत कोलंबीच हाय. घे. ग्लोज काढ ते."

हसणं थांबलं. अख्खी रांग बघतेय. एक बाई म्हणाली, घे गं, एवढ्याने काय मरत नाय. दुसरी म्हणाली, मोठ्यांच्या हातचं नाय म्हणू नये. काकीचा हात पुढे तो पुढेच, बोटांमधून पाणी गळतंय. काकीच्या मागे तिची सून अंकिता बसलेली. लग्नाला वर्षही नाही झालं. ती मान खाली घालून कोळंबी सोलत होती. तिला पण माहीत होतं गं. दिवाळीत तिनेच रोशनीला धावत गोळी आणून दिली होती. पण बोलली नाही.

रोशनीने ग्लोव्हज काढले. हातावर घेतलं. कपाळाला लावलं.

पुढचं काय सांगू! डोळे मिटले, म्हणजे तिने मिटले नाहीत, सुजून मिटले. ओठ हे एवढे. घशातून शिट्टीसारखा आवाज. बर्फवाला निकेश होता म्हणून, त्याने स्कूटरवर घातली आणि दवाखान्यात नेली. इंजेक्शन, ऑक्सिजन, सगळं. नंतर डॉक्टर म्हणाला, आज ॲडमिट हो. ही स्वतःच्या जबाबदारीवर सही करून उठली आणि थेट मार्केटात आली. निकेश मागून ओरडतोय, ही ऐकतेय कुठे!

आणि इकडे? तिच्या ओट्यावर अंकिता बसलेली. पापलेट, सुरमई उचलून खाली टोपात टाकलेली. आणि ओटाभर कोळंबी. ढीग!

काकीने रोशनीचं तोंड बघितलं आणि लगेच आवाज मऊ केला. "अगो बाय माझे, कशाला आलीस? लय मोठा आजार हाय तुला. आमाला काय ठावं? तू घरी बस. ओटा अंकिता सांभालील. घरातलाच हाय."

आणि सकाळच्या त्याच बायका, त्याच हं, माना डोलवायला लागल्या. हो गं पोरी. जीव मोठा. कॉम्प्युटर शिक.

रोशनीचा आवाज फाटलेला होता, पण शेवटच्या ओट्यापर्यंत गेला.

"आजार खोटा होता तवा पण मला उठवत होतात. खरा निगाला तवा पण उठवताय. मी बसू कदी?"

गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन तशीच उभी.

"काकी, तू हातावर ठेवलंस, मी कपाळाला लावलं. आता मी रांगेतली हाय. उचल हे सगला."

काकी जागची हलली नाही. आणि रोशनी स्वतः तो ढीग उचलू शकत नव्हती, कळतंय ना तुला? तिचाच ओटा, आणि ती त्याला हात लावू शकत नव्हती. तिने खिशातून ग्लोव्हज काढले. एक चढला. दुसरा सुजलेल्या हातावर चढेचना. दातांनी ओढला, तर टरकन फाटला.

मग ती अंकिताकडे बघत राहिली. एक डोळा अजून उघडत नव्हता, दुसऱ्याने.

अंकिता अर्धवट उठली. हात कोळंबीच्या ढिगावर.

"अंकिता," सासू हळूच म्हणाली. वर न बघता, कोळंबी सोलता सोलता. "संध्याकालला घरीच यायचा हाय तुला."

तू अंकिता असतीस तर? नाही, पटकन नको सांगूस. घरी कोण आहे ते आठव, आणि मग सांग, तू काय केलं असतंस?