धाकला

फाटकाशी सायकलची घंटी वाजली की हिलालशेठ बोलता बोलता थांबायचे. मान उंच करून केबिनच्या काचेतून बघायचे, आणि आलेला भलताच कोणी निघाला की पुन्हा समोरच्या मुलीकडे वळायचे.

मुलगी म्हणजे रुपाली. कापड कारखानदारांच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मुलाखत घ्यायला आली होती. "तर शेठ, माणसं," तिनं आठवण करून दिली. "सुरतेच्या या उधन्यात कारागीर आज या कारखान्यात, उद्या त्या. तुमच्याकडे टिकतात कसे?"

हे उत्तर शेठना तोंडपाठ होतं. "बेन, माग विकत मिळतात. माणूस जोडावा लागतो. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मगच पुढं जायचं. तुटका धागा तसाच चालू दिला तर पुढचं सगळं कापड खराब."

रुपाली भराभर लिहून घेत होती. शेठ पुन्हा फाटकाकडे बघत होते.

दसरा होता. वर्षभर कानठळ्या बसवणारे माग आज झेंडूच्या माळा घालून गप्प उभे होते. सकाळी पूजा झाली, फाफडा-जलेबी वाटली गेली, आणि दुपारपासून एकेक कारागीर आपट्याची पानं घेऊन केबिनमध्ये येत होता. सोनं हातात द्यायचं, शेठच्या पायाला हात लावायचा, हसून बाहेर पडायचं. उशिरा आलेला 'लाइट गेली होती' ही मागवाल्यांची नेहमीची सबब सांगत होता. पिकल्या केसांची माणसंही वाकत होती. टेबलावर सोन्याचा हा ढीग झाला होता. शेठना हवी ती दोन पानं त्यात नव्हती.

"तुमचा सगळ्यात जुना माणूस कोण?" रुपालीनं विचारलं. "फोटो घेऊ दोघांचा."

"भिकनदादा," शेठ बोलून गेले.

"बोलवा ना."

"येईल. आज दसरा. सोनं द्यायला येईलच."

कोपऱ्यात प्रसादाच्या पुड्या बांधत बसलेल्या कमलबाईंचा हात थांबला. नवऱ्याचं हे 'येईलच' त्या दरसाल ऐकत होत्या. भिकनदादा येणार कुठून? गावाहून दोघं बरोबरच सुरतेला आले, एका खोलीत राहून माग चालवले; पण नवे माग आणायचे ठरले तेव्हा तो नको म्हणाला, शब्दाला शब्द वाढला, आणि एकाच दोरीवर वाळणारे दोघांचे सदरे वेगळे झाले. तो जवळच लिंबायतमध्ये आपले दोन माग टाकून बसला. शेठ दर दसऱ्याला फाटकाकडे डोळे लावून बसले. प्लेगच्या साली निम्मं सुरत गाव सोडून पळालं, तेव्हासुद्धा हे गृहस्थ केबिन उघडून बसले होते.

रुपाली फोटोवाल्याला बघायला बाहेर गेली. शेठ हलक्या आवाजात म्हणाले, "यंदाही नाही आला गं. एवढा कसला राग?"

कमलबाई घरात बोलायच्या तशा अहिराणीत बोलल्या. "भिकनदादा मोठा, का तुम्ही मोठा?"

"भिकनदादाच मोठा. त्याचं काय?"

"मंग सोनं लिसन धाकला जास, का मोठा येस?"

खानदेशात गावाकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सोनं घेऊन धाकट्यानं मोठ्याच्या दारी जायचं. पण खुर्चीत बसल्यापासून सगळी दुनिया त्यांच्याच दारी येत होती. आपण कुणाहून धाकटे आहोत, हेच ते विसरून गेले होते.

ते उठले. टेबलावरच्या ढिगाकडे हात गेला आणि मागे आला. लोकांनी दिलेलं सोनं उचलून न्यायला मन होईना. गाडीही नको वाटली. फाटकाबाहेर त्यांनी रिक्षा थांबवली. रुपाली मागून हाका मारत होती, "शेठ, फोटो राहिला!"

लिंबायतच्या नाक्यावर त्यांनी आपट्याची डहाळी घेतली. पुढं गल्ली इतकी अरुंद की रिक्षा सोडावी लागली. दारोदारी माणसं एकमेकांना सोनं देत होती. या गल्लीत शेठना कुणी ओळखत नव्हतं. हातात डहाळी घेऊन ते चालत राहिले, आणि दादा दार लावून घेईल की काय, अशी भीती त्यांना वाटत होती.

भिकनदादा ओट्यावरच होता. एका खुर्चीत तो बसला होता, शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. त्याची बायको उषाबाई कुंकवाचं ताट घेऊन दारात आली आणि हिलालना बघून तिथंच थबकली.

"या, हिलालभाऊ," ती म्हणाली. "बसा. सकायपाईन हे त्या खुर्चीवर कोनले बसू देत नहीत. दर दसराले असंच शे."

हिलाल बसले नाहीत. पानं दादाच्या हातात देऊन ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. शेठ झाल्यापासून त्यांच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. तो रुईच्या धुळीनं खरखरीत झालेला हात आता डोक्यावर होता आणि उचलला जात नव्हता.

"भलता उशीर व्हयना रे, हिलाल," भिकनदादा म्हणाला. "लाइट गयेल व्हती का?"