वाटीभर दही

“वाटी दे इकडे, गॅलरीत बसून खातो,” पद्माकरराव म्हणाले. दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून सासऱ्यांचा हा रोजचा नेम होता. गिरिजाने दही दिलं आणि नजर चुकवून आत आली.

त्यांचा टायफॉइड बरा झाला, पण जालीम औषधांनी पोटाचा पार बोऱ्या वाजवला होता. काही पचेना. डॉक्टर म्हणाले, “दवाइयों ने अच्छे जीवाणु भी मार दिए. घर का जमा दही दीजिए, रोज. साथ में केला, प्याज.”

घरच्या दह्याला काय तोटा! मीनाक्षीबाईंनी लग्नानंतर सांगलीहून आणलेलं विरजण सरकारी क्वार्टरमध्ये पस्तीस वर्षं टिकलं. त्या गेल्यावर सुनेने, गिरिजाने, ते सांभाळलं. सारं ऑफिस हलवायाकडे लस्सी प्यायचं, तेव्हा पद्माकरराव आपला डबा उघडून बसायचे. बाहेरच्या दह्याला त्यांनी जन्मात बोट लावलं नाही.

नेमका घर बदलताना घात झाला. मेट्रो तर कागदावरच, पण सोसायटीत वीजही आली नव्हती. जूनचा उन्हाळा, फ्रिज बंद. तिसऱ्या दिवशी विरजणाची डबी उघडली, तर आत बुरशी. गिरिजा ओट्याशी उभी राहून रडली. मग गुपचूप बाजारातून प्लास्टिकच्या कपातलं दही आणलं आणि सासूबाईंच्याच दह्याच्या सटात दूध विरजलं.

“जमलंय का, बाबा?” पहिल्या दिवशी तिने भीत भीत विचारलं.

“बिल्कुल. तिच्या हातचंच.”

तेव्हापासून वाटी रोज रिकामी येई, तीही धुतलेली. बाबा मात्र खंगत चालले. गिरिजाने दूध बदललं, केळी कुस्करून दिली, काही लागू पडेना. नव्या घरात बाळसं धरलं ते फक्त गॅलरीतल्या, मीनाक्षीबाईंनी जुन्या घरी कुंडीत लावलेल्या कढीपत्त्याने. शेजारच्या पंजाबी बाई पानं मागायला येत.

सप्टेंबरात बाबांना इस्पितळात ठेवावं लागलं.

“दही खाते हैं न?” डॉक्टरांनी विचारलं.

“रोज.”

आता डॉक्टरांकडेही उपाय उरला नव्हता.

गिरिजाला राहवेना. आपलं खोटंच बाबांना भोवलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. “बाबा, त्या दह्याचं एक सांगायचं होतं...”

त्यांनी तिचा हात थोपटला. “ते राहू दे गं. कढीपत्त्याचं बघ, माझ्यामागे उपाशी राहील. रोज दुपारी वाटीभर घालत जा. त्याला बाहेरचं चालतं.”