लान्सानाचं रॅप

नायजर नदीकाठच्या तालमीच्या खोलीचं दार सैनिकांनी भरदुपारी लाथा घालून तोडलं.

"जनरलसाहेबांची टर उडवणारं रॅप कोणी लिहिलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

लिहिलं होतं मारियामाने. ती उठणार, एवढ्यात जेंबे ढोल वाजवणारा म्हातारा लान्साना म्हणाला, "मी."

"म्हणून दाखव."

लान्साना मारियामाच्या रॅपला कायम बडबड म्हणायचा. आज मात्र डोळे मिटून तो म्हणू लागला. बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी त्याची बोटं ठेचली, तरी शेवटच्या ओळीपर्यंत एकही शब्द चुकला नाही.

"आणि ही कोण?"

"हिला दोन ओळीही लिहिता येत नाहीत," तो कण्हत म्हणाला.

ते त्याला फरफटत घेऊन गेले. त्याच संध्याकाळी मारियामाने नवं रॅप लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं.