ऋतुजा तिथं काय करते

“ऋतुजा? ऋतुजा आली का आज?” देविकाबाईंनी बागेच्या फाटकाशी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली.

गुरुपादप्पा सगळ्यांच्या मागं उभा होता. शिरूर अनंतपाळहून पहिल्या बसनं तो लातूरला, लेक डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायची त्या शहरात, आला होता, वाटभर एक वाक्य घोकत. माझी लेक ऋतुजा दिवाळीच्या आधी डेंग्यूनं वारली, तिचं नाव बागेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपातून काढा. एवढं सांगायचं आणि परतीची बस धरायची.

“मी तिचा बाप,” तो म्हणाला.

देविकाबाईंचा चेहरा खुलला. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या बाई दर रविवारी सकाळी इथं येत. कॉलनीतल्या लोकांनी मिळून पडीक जागेवर लावलेली ही बाग. बाई आधी झाडं दाखवत फिरवत, मग सगळ्यांना चित्रं काढायला बसवत.

“या ना काका! पण ती कुठंय? दर शनिवारी माझा मेसेज वाचते, निळ्या खुणा दिसतात मला. उत्तर मात्र देत नाही. अभ्यास फार आहे का?”

मेसेज त्याची बायको मल्लम्मा उघडत होती. शनिवारी तिन्हीसांजेला कोनाड्यातला लेकीचा फोन वाजला की ती तव्यावरची भाकर तशीच टाकून धावायची, आणि मग जेवायची नाही. फोन बंद करू द्यायची नाही. एक बटण दाबलं की ग्रुपातून बाहेर पडता येतं, असं पुतण्या म्हणाला होता. ते बटण दाबायला गुरुपादप्पाचं बोट धजलं नव्हतं. माणसांना तोंडानं सांगावं, असं त्याला वाटलं.

“त्येच सांगाया आलो हाय,” तो म्हणाला. “माझी लेक...”

“आवाज ऐकलात का?” एक म्हातारे गृहस्थ हसत पुढं आले. “अगदी तसाच! ‘जेवली का माय? काय जेवली? खरं सांग.’ फोनवर हॅलो नाही, काही नाही. तुमची नक्कल करते ती, अप्पा. हसून हसून पोट दुखतं आमचं.”

सगळे हसले. गुरुपादप्पाचं वाक्य अर्धंच राहिलं. गावात, घरी, भेटायला आलेल्या पाहुण्यांत ऋतुजाबद्दल कुणी असं बोलत नव्हतं. सगळे म्हणायचे, करायची. म्हणायचे, गुणाची होती. इथं ती अजून करत होती.

म्हाताऱ्यांचं नाव रेणुकादास, पोस्टातून निवृत्त झालेले. “ती माझी जोडीदार आहे,” ते म्हणाले. “आज तिच्या जागी तुम्ही या.”

जोडीतल्या एकानं डोळे बांधायचे, दुसऱ्यानं हात धरून त्याला एखाद्या झाडापाशी न्यायचं. ते हातानं चाचपून ओळखायचं, आणि नंतर तेच कागदावर काढायचं. देविकाबाईंनी गुरुपादप्पाच्या डोळ्यांवर सुती पट्टी बांधली. त्यानं नको म्हटलं नाही.

“लबाड आहे हो तुमची लेक,” रेणुकादास चालता चालता सांगत होते. “मला एकाच कडुनिंबाकडं दोनदा नेते, आणि म्हणते हा दुसरा. जपून, पाइप आहे.”

“आनि काय करती?”

“चप्पल काढून फिरते. काटे आहेत म्हणून मी ओरडतो, तर ऐकत नाही. आणि सारखं म्हणते, मला डॉक्टर नाही व्हायचं. बोलली नाही का तुमच्याशी?”

गुरुपादप्पा थांबला. पट्टीआड सगळा अंधार होता.

“न्हाई.”

“मग बोलेल. भिते थोडी तुम्हाला. मी तिला म्हटलं, अगं सांगून टाक, बाप काय खातो का?”

“सांग म्हनावं तिला,” गुरुपादप्पा म्हणाला. “काय बी सांग म्हनावं. मी रागावत न्हाई.”

“सांगतो की.”

त्याचे हात सालीवर टेकले. खरखरीत, उन्हानं कोमट झालेली साल. तो तिला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पट्टी ओली होत गेली.

“बाभूळ,” तो शेवटी म्हणाला.

“अहो, चिंच आहे! शेतकरी ना तुम्ही?”

नंतर सगळे सतरंजीवर बसले. पळसाची फुलं उकळून केलेला रंग वाटीत होता. गुरुपादप्पानं त्यात बोट बुडवून कागदावर एक उभी रेघ ओढली. पुढं काय काढावं ते त्याला कळेना. निघताना देविकाबाई फाटकापर्यंत आल्या.

“पुढच्या रविवारी घेऊनच या तिला.”

वाक्य अजून तोंडपाठ होतं. माझी लेक ऋतुजा दिवाळीच्या आधी. त्यानं बाईंकडं पाहिलं.

“बघतो,” तो म्हणाला. “परीक्षा जवळ आली ना तिची.”

दुपार कलली तेव्हा तो घरी पोचला. मल्लम्मा उंबऱ्यात बसली होती.

“काढलं का नाव?”

“न्हाई.”

तो तिच्याजवळ खाली बसला.

“तिथं ती माझी नक्कल करती,” तो म्हणाला. “फोनवर कसा बोलतो, त्येची. समदे लई हसतेत.”

मल्लम्मा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला वाटलं, आता ही रडणार, नाही तर म्हणणार, तुमचं डोकं फिरलं का. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“आन् माझी?”

“तुझी बी करती की.”

“कशी?”

त्यानं बोटावर उरलेला पळसाचा रंग अंगठ्यानं चोळला.

“त्ये इचारायचं राहिलं,” तो म्हणाला. “पुढल्या ऐतवारी इचारून येतो.”