‘नाय’ तेवढं कापा

“ते ‘नाय’ तेवढं कापा,” इफ्फत म्हणाली.

अनिलचा हात माऊसवर थांबला. पडद्यावर साकिबच्या आवाजाची निळी रेघ वरखाली झालेली दिसत होती. त्याने हेडफोन कानावर दाबून वाक्य पुन्हा ऐकलं. ‘अम्मा, या ईदला मी येणार नाय.’ मग एक खोकला, आणि मागे कुठे तरी मोटारीचा हॉर्न.

“भाभी, आजवर तुम्ही सांगाल ते केलं. हे नको.”

 इफ्फत खुर्चीवरून उठली नाही.

मारुती मंदिरापासच्या त्याच्या सायबर कॅफेत ती वर्षभर येत होती. राजिवड्याची, साकिबची बायको. साकिब दुबईला. आईला तो पत्र लिहायचा नाही, कॅसेट भरायचा आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती धाडायचा. त्याच्या आईला, फरीदाला, दिसत नव्हतं आणि फोनवर धड ऐकू येत नव्हतं. टेप मात्र उशाशी घेऊन मोठ्याने लावता यायचा. अशा नऊ कॅसेट जमल्या होत्या.

गेल्या वर्षी, दोन हजार आठच्या मे महिन्यात, इफ्फतने त्या नऊच्या नऊ पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या.

“याच्यातनं एक नवीन करून द्या. नवा आवाज आता येणार नाय, अनिलभाऊ. आहे त्यातनंच भागवायचं.”

अनिलने तिच्याकडे बघितलं. हातात एकही बांगडी नव्हती. त्याने काही विचारलं नाही. असल्या गोष्टी काय विचारायच्या? रात्री बायकोला, ज्ञानेश्वरीला, सांगितलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. “अगो बाय! आणि सासूला पत्ताच नाही?”

तसा अनिल तापट माणूस. लाइट गेली की वीजमंडळाच्या सात पिढ्या उद्धरायचा. पण या कामात त्याने कधी कटकट केली नाही. टेपची वायर कॉम्प्युटरला जोडायची, आवाज भरून घ्यायचा आणि इंटरनेटवर एक फुकटची साइट होती, ती उघडायची. काही बसवायला नको, काही शिकायला नको. रेघेवर माऊस ओढायचा, नको तो तुकडा कापायचा, हवा तो पुढेमागे डकवायचा. मध्येच इंटरनेट गेलं की सगळं मुसळ केरात! पुन्हा पहिल्यापासून. एका कॅसेटला दोन-दोन दिवस जायचे.

‘अम्मा, जेवतेस ना येळेवर?’ हे एका कॅसेटमधलं. ‘इथे लय गरम होतंय’ हे दुसऱ्यातलं. ‘इफ्फतला सांग, भांडू नको’ हे तिसऱ्यातलं. हे वाक्य आलं की इफ्फत खिडकीकडे तोंड करायची.

एकदा तिने फोटोही करून घेतला. अम्मा शेजारणींना सांगते, साकिबचा आताचा फोटो बघा, आणि दाखवायला असतो लग्नातला. फोटोचीही तशीच फुकटची साइट होती. अनिलने साकिबचा चेहरा कापून एका उंच इमारतीसमोर लावला.

“कानाजवळचे केस जरा पांढरे करा,” इफ्फत म्हणाली. “माणूस थांबून राहत नाय.”

अनिलच्या अंगावर काटा आला. पण त्याने केस पांढरे केले.

आणि आता हे.

“डॉक्टरांनी अम्माला घरी न्यायला सांगितलंय,” इफ्फत म्हणाली. “आठवडा, नायतर दहा दिवस. पेज तोंडाला लावली की तोंड फिरवते. एकच विचारते, येतो म्हणाला का? अनिलभाऊ, नऊ कॅसेट मी रात्र रात्र ऐकल्या. त्याच्यात एकदाही ‘येतो’ नाय. हे एवढंच आहे.”

“म्हणून तिला खोटी वाट बघायला लावायची?”

“वाट ती तशीही बघतेच आहे.”

“आणि मरताना दाराकडे डोळे लावून बसली, तर?”

“डोळे कुठे आहेत तिला?” इफ्फतचा आवाज फाटला. “एक शब्द ऐकून जाईल ती. लेकरू येणार, एवढंच. पाया पडते तुमच्या.”

“अहो, पाया कसल्या पडताय!” अनिल एकदम ओरडला. कोपऱ्यात रेल्वेचं तिकीट बघत बसलेले एक आजोबा वळून बघायला लागले. अनिलने त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत पडद्यात शिरले.

त्याने रेघ मोठी केली. ‘येणार’ आणि ‘नाय’ यांच्यामध्ये श्वासाएवढी जागा होती. पहिल्यांदा कापलं तर ‘येणार’चा शेवट तुटला. परत केलं. तिसऱ्यांदा जमलं. खोकला ठेवला, खोकल्याने खरं वाटतं.

‘अम्मा, या ईदला मी येणार.’

इफ्फतने हेडफोन कानाला लावून ते तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. वर्षभरात पहिल्यांदाच. माठातलं पाणी आणून अनिलने तिच्यापुढे ठेवलं.

“भाभी, आजपर्यंत विचारलं नाही मी,” तो हळू आवाजात म्हणाला. “कसा गेला हो साकिब? काही अपघात?”

इफ्फतने डोळे पुसले. क्षणभर तिला प्रश्नच कळला नाही.

“गेला? नाय हो. बरा आहे तो. दुबईतच आहे, दुसरी बायको आहे, मुलगा झालाय. परवा फोन लागला, अम्माचं सांगितलं, तर म्हणाला, या नंबरवर परत फोन करू नको.” तिने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. “मेला असता, तर अम्माला मी त्याच दिवशी सांगितलं असतं.”