पात्याएवढी चूक

गोल्फच्या शेवटच्या खड्ड्यापाशी डंकन रॅटरेने चेंडूमागे काठी टेकवली आणि चेंडू गवताच्या पात्याएवढा हलला. कुणाच्या बापालाही ते दिसलं नाही. डंकनने आपणहून हात वर केला, एका फटक्याचा दंड अंगावर घेतला, आणि त्याच एका फटक्याने स्कॉटलंडचं अजिंक्यपद त्याच्या हातून गेलं.

क्लबच्या पायऱ्यांवर भुरभुर पावसात बक्षीस समारंभ झाला. "याला म्हणतात सभ्य गृहस्थ!" क्लबचे कप्तान हॅलिबर्टनसाहेब गहिवरून म्हणाले. "चला, रॅटरेच्या नावाने आत एकेक व्हिस्की होऊ द्या!"

सगळे आत गेले. मागोमाग भिजलेला डंकनही निघाला, तर दारवानाने हात आडवा घातला. "डंकन, लेका, विसरलास होय? पोटासाठी खेळणाऱ्यांनी मागच्या दाराने यायचं. स्वयंपाकघरात गरम सूप ठेवलंय बघ तुला."

वीस वर्षं या साहेबलोकांना खेळ शिकवताना तो मागच्याच दाराने गेला होता. आज त्याचा पाय उचलेना.

"कप्तानसाहेब!" तो बाहेरूनच ओरडला. "माझी चूक पात्याएवढी होती. कुणाला दिसली नव्हती, तरी मी कबूल केली. तुमची तर या दाराएवढी आहे, सगळ्यांना दिसतेय. तुमच्यातला कोण हात वर करतोय, बोला!"

आतल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

मग हॅलिबर्टनसाहेबांनी हात वर केला आणि दारवानाला खूण केली, "दार लाव रे, वारा येतोय."