अकरा घरटी

“थांब! पाय टेकवू नकोस,” म्हातारा ओरडला.

लेक एका पायावर डोलत उभी राहिली. बुटाखाली, गवताच्या ठोंबाआड, खड्यांची कड रचलेली वाटीएवढी खळगी होती. आत तीन ठिपकेदार अंडी.

“अगं बाई! मला नुसती मातीच दिसली.”

“कशी दिसतील? चंडोल कधी घरट्यावर उतरत नाही. लांब उतरतो आणि चोरपावलांनी चालत येतो. उतरला कुठे ते बघायचं नसतं, गेला कुठे ते बघायचं.”

म्हाताऱ्याची हयात या माळावर मेंढ्या राखण्यात गेली. लेक शिकून इंजिनीयर झाली आणि शहराचीच झाली. सहा वर्षांत ती घरी राहिली नव्हती. आता माळावर विमानांची धावपट्टी होणार होती आणि काम तिच्याकडेच होतं. आल्या आल्या ती म्हणाली होती, “बाबा, घरटी दाखवाल? तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही.” म्हातारा मोहरून गेला होता.

तीन दिवस बापलेकींनी माळ पालथा घातला. कुठे अंडी, कुठे डोळेही न उघडलेली पिल्लं. प्रत्येक घरट्यापाशी लेक लाल झेंडी रोवायची.

“रोलरवाल्याला लांबून दिसायला हवं,” ती म्हणाली.

अकरा झेंड्या झाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी म्हातारा माळावर गेला. एकही झेंडी नव्हती. सगळा माळ होता तसाच होता. फक्त अकरा जागी जमीन रोलरने गुळगुळीत केलेली होती. एक मादी चोचीत अळी धरून सपाट मातीवर इकडून तिकडे धावत होती.

मागे जीप थांबली. लेक वनखात्याच्या साहेबांना घेऊन उतरली.

“हे माझे वडील. मान कापली तरी खोटं बोलायचे नाहीत. यांनाच विचारा.”

“आजोबा, माळावर घरटी आहेत का हो? एक जरी असलं तरी मला काम थांबवावं लागेल.”

म्हाताऱ्याची नजर धावणाऱ्या मादीवर गेली. काल होती, एवढं म्हटलं की लेकीची नोकरी गेली. कदाचित तुरुंगही. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती अगदी निवांत उभी होती.

“सांगा ना, बाबा. खरं असेल तेच सांगा.”

“एकही नाही, साहेब.”